क्लीनरच्या सीटवरून सोलापूर

सोलापूरला मी बसने गेलेय, रेल्वेने गेलेय, एकदा पुतणीच्या लग्नाला मांडीवर दोन पोरं घेऊन जीपमधूनही गेलेय. पण आमच्या स्वतःच्या ट्रकमधून कधीच नाही. गाडी घेऊन पाच वर्षं झाली, तरी नाही. मागच्या महिन्यात जेवताना आमचे हे म्हणाले, "या खेपेला तू चल." मला वाटलं, चेष्टा करतायत.

चेष्टा नव्हती. घरात तेव्हा एकच विषय चालू होता, गाडी ठेवायची की विकायची. हे स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. एका गोदामवाल्याने यांना नोकरी देऊ केली होती. महिना चोवीस हजार, रविवार सुट्टी, आणि मुख्य म्हणजे रोज संध्याकाळी घरी. गाडीला गिऱ्हाईकही आलं होतं, त्याला रविवारी काय ते सांगायचं होतं. माझं मत मी दहा वेळा ऐकवलं होतं, की विकून टाका. यांचं मत काय, देव जाणे. या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे मला आधी तासभर एकटीला बोलावं लागतं. मी मनात म्हटलं, मला पटवायला नेतायत. बघूच कसं पटवतात.

गौरीला, म्हणजे आमच्या लेकीला, दिलसुखनगरला मावशीकडे सोडलं. अंबरपेठेतल्या माझ्या ब्लाउज-फॉलच्या दुकानाला कुलूप घातलं. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात बंदी, म्हणून आमची सहाचाकी पटनचेरूच्या पुढे एका गोदामापाशी उभी असते. शहरातल्या बेगम बाजारातला माल छोट्या टेम्पोंनी तिथे येतो. या वेळी लाल मिरचीची पोती होती. भरताना हमाल शिंकत होते, हे शिंकत होते, मी पदर नाकाला लावून शिंकत होते. ट्रकने जायचा कुणाचा विचार असेल तर माझा पहिला सल्ला असा, की माल कोणता आहे ते आधी विचारा.

दुसरा सल्ला उशीचा. क्लीनरच्या सीटवर उशीशिवाय बसलात तर कंबर आठवडाभर आठवण करून देईल. केबिनमध्ये चढायला पायरी गुडघ्याच्याही वर, साडी नेसून ते जमत नाही. मी पंजाबी ड्रेस घातला होता तरी यांनी वरून हात दिला आणि मी धपकन आत पडले. हे हसले. हसताना मला तरणे दिसले, आता हे लिहायला काय लाजायचं.

पण एकदा बसलात की बघा! बसमधून आपल्याला दिसतं ते दुकानांच्या पाट्यांपर्यंत. इथून शेतं दिसतात, घरांच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसतात. झहीराबादच्या अलीकडे उसाची शेतं लागली आणि यांना चक्क वाचा फुटली. हा टिफिनवाला चांगला, इडली गरम असते, चाळीस रुपये प्लेट. इथल्या वळणावर म्हशी असतात, जपून चालवायचं. कर्नाटकात डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त, म्हणून टाकी हुमनाबादला भरायची, तिथे पंपावर बायकांसाठी स्वच्छ बाथरूमही आहे. घरी चार शब्द बोलणारा माणूस उमरग्यापर्यंत गप्प बसायला तयार नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत सोलापूर. मिरचीच्या व्यापाऱ्याचं गोदाम एका बोळात होतं आणि गाडी उलटी आत घ्यायची होती. एरवी हे क्लीनरचं काम. मागे उभं राहायचं, गाडीच्या अंगावर थापा मारायच्या आणि "आन दो, आन दो" ओरडायचं. परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी यांनी क्लीनर ठेवणं बंद केलं, एवढं मला माहीत होतं. मी उतरले, थापा मारल्या, ओरडले. बोळातली माणसं बघायला लागली. बाई क्लीनर त्यांनी कुठे पाहिली असणार! गाडी एका दमात आत.

मी विचारलं, एकटे असता तेव्हा कसं करता? म्हणाले, थोडी मागे घ्यायची, थांबायचं, उतरून मागे जाऊन बघायचं, परत चढायचं, परत थोडी मागे. प्रत्येक ठिकाणी असंच. यांचा उजवा गुडघा का दुखतो याचं कारण मी डॉक्टरला विचारत होते, ते त्या बोळात कळलं. मला भडभडून आलं, पण मिरचीच्या गोदामात डोळ्यांत पाणी आलं तर कुणी काही विचारत नाही.

दुसरा दिवस ट्रान्सपोर्ट नगरात गेला. परतीचा माल मिळेपर्यंत थांबायचं, रिकामी गाडी नेली तर जाण्यातली कमाई येण्यात जाते. दलाल दर दोन तासांनी एक भाडं सांगायचा, हे नाही म्हणून मान हलवायचे. तोवर यांनी सीटखालून छोटा गॅस काढला, मसाल्याचा डबा काढला, गाडीच्या सावलीत टोमॅटोची चटणी आणि भात टाकला. घरी पाण्याचा पेला उचलून न घेणारा हा माणूस! चटणी माझ्याहून बरी झाली होती, पण ते तेव्हा मी बोलले नाही.

तिथेच बसून आम्ही हिशोब केला. जायचं भाडं अठरा हजार. त्यातून डिझेल पाच, टोल दीड, दलाली-हमाली दीड, उरले दहा. परतीला शेवटी चादरी-टॉवेलचे गठ्ठे मिळाले, भाडं नऊ हजार, त्यातून जेमतेम दोन सुटणार. म्हणजे खेपेला बारा. महिन्याला अशा पाच खेपा धरल्या तर साठ. गाडीचा हप्ता चोवीस, विमा-टायर-दुरुस्तीला पंधरा. राहिले एकवीस.

"बघ, एकवीस हजार कमावते गाडी," हे म्हणाले.

"यात ड्रायव्हरचा पगार कुठे धरलाय?"

"ड्रायव्हर मीच आहे की."

"उद्या तुम्ही आजारी पडलात आणि दुसरा ठेवला, तर तो किती घेईल?"

हे भात ढवळत राहिले. मग हळूच म्हणाले, "वीस. वर भत्ता."

सगळ्या एक-गाडीवाल्यांचं असंच असतं म्हणे. टायर मोजतात, टोल मोजतात, स्वतःला मोजत नाहीत. गाडी आम्हाला पोसते असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत होते. खरं तर हेच गाडीला पोसत होते. माझा मुद्दा सिद्ध झाला होता आणि मला मुळीच आनंद झाला नाही. मी यांच्या ताटात चटणी वाढली आणि विषय सोडला.

तिसऱ्या दिवशी परतताना झहीराबादला चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं. मी कालपासून मनाशी उलटसुलट करत होते. एकवीस असो नाही तर चोवीस, या माणसाला असं बोलताना, हसताना मी घरी कधी पाहिलं होतं? शेवटी मी म्हणाले, "अहो, नक्को विकायला. काढू अजून वर्ष, हप्ते फिटतील. मी ब्लाउज जास्त घेईन."

यांनी कप खाली ठेवला. "गिऱ्हाइकाला मी बुधवारीच हौ, देतो म्हणून सांगितलंय."

बुधवारी, म्हणजे आम्ही निघायच्या आदल्या दिवशी.

"मग मला कशाला आणलंत?"

हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "रोज इतकं काय काय दिसतं. दर वेळी वाटायचं, तू असतीस तर दाखवलं असतं. गाडी गेल्यावर कुठून दाखवणार?"

मी दुसरा चहा मागवला, दहा रुपये, आलं घातलेला. झहीराबादपासून घरापर्यंत मीच गप्प होते.

रविवारी गाडी गेली. कर्ज फिटलं, वर थोडे राहिले, ते गौरीच्या नावाने टाकले. ट्रकने जावं का, असं विचारणार असाल तर जरूर जा, ओळखीचा ड्रायव्हर असेल तर. जेवणखाण धरून दोघांचा तीन दिवसांचा खर्च हजारभराच्या आत आला. सोलापूर मात्र काहीच पाहिलं नाही, त्यासाठी दुसऱ्या कुणाचा ब्लॉग वाचा.

सोमवारी यांच्या नोकरीचा पहिला दिवस. संध्याकाळी सातला दारात चपला वाजल्या. मी स्वयंपाकघरात होते. हे आत आले, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं आणि मुकाट्याने परत ठेवलं. भात माझ्यापुरता आणि गौरीपुरताच होता. पाच वर्षांत हाताला तेवढंच माप बसलं होतं.

"हात-पाय धुऊन घ्या, वेळ लागेल थोडा," मी म्हणाले, आणि पुन्हा तांदूळ धुवायला घेतले.