झांज परत दिली

रहाटणीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा गाण्याचा वर्ग. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकीला आडनाव विचारलं, गाव विचारलं. मी सांगितलं. सर हसले. माझ्यापुढे झांज सरकवली.

"तुमच्याकडे घरी हलगी असेल ना? मग तुम्ही ताल धरा, ताई. तुमच्या लोकांच्या रक्तातच असतो. सुराचं जरा अवघड जातं."

शेजारची म्हणाली, "बघा, न शिकताच पास!"

सगळ्या हसल्या. कौतुकानं.

मला काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. झांज घेतली, वाजवली. दिवाळीपर्यंत वाजवत राहिले. स्वयंपाक करताना गुणगुणायचे, ते बंद झालं. कधी, ते कळलंही नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळते. माल तपासल्याशिवाय सही करत नाही. स्वतःच्या कानाबद्दल मात्र सरांचं म्हणणं न तपासता मान्य केलं होतं. हे कंपनीच्या बसमध्ये अचानक लक्षात आलं.

मग कामाला लागले. सोपी गाणी घेतली. अंगाई, बालवाडीतली गाणी, शाळेची प्रार्थना. एका वेळी एकच. आधी नुसतं ऐकायचं. गाणं कुठल्या सुरावर येऊन टेकतं, तो सूर धरून ठेवायचा. ओळ वर जाते की खाली, हातानं दाखवायचं. मग गायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मूळ गाणं लावून ताडून बघायचं. बरंच चुकायचं. काही जुळायचं. कान होता. कोणी शिकवला नव्हता, एवढंच.

वर्गात आता दुसऱ्यांचंही ऐकू यायला लागलं. शेजारचीचा सूर घसरला की सर म्हणत, "रियाज वाढवा."

एका शनिवारी झांज सरांच्या पेटीवर ठेवली. "सर, आज मी गाणार."

"अहो ताई, वर्गाचा कार्यक्रम तोंडावर आलाय. आत्ता कसला हट्ट?"

गायले. दुसऱ्या ओळीत सूर खाली गेला. सरांनी सगळ्यांकडे बघितलं. "म्हणत होतो ना?"

"चुकलं," मी म्हणाले. "या शेजारच्या ताईंचं चुकतं तेव्हा रियाज वाढवा म्हणता. मलाही तेवढंच म्हणा. रक्ताचं काढू नका."

शेजारची ओढणी सारखी करत बसली. माझ्या बाजूनं कोणी बोललं नाही. तेव्हाही मला काही वाटलं नाही. झांज मात्र पेटीवरच राहू दिली.

कार्यक्रमात मला घेतील, न घेतील. मी दर शनिवारी जाणार. पहिल्या रांगेत बसणार. चुकेन तिथं थांबून तीच ओळ परत गाणार, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशी.