प्रियदर्शनीचं जेवण आणि जुलैतला सूर्य

कु. प्रियदर्शनी जिनेंद्र मगदूम, वय वर्षे सतरा, इयत्ता अकरावी (विज्ञान), राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. सदर विद्यार्थिनी जागतिक दृष्टिकोन बाळगणारी, नेतृत्वगुणांनी संपन्न व स्वतंत्र निर्णयक्षमता असलेली असून, स्कॉटलंडमधील विद्यापीठाच्या तीन आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी तिची निवड व्हावी, अशी शिफारस करण्यात येत आहे.

हे शिफारसपत्र क्रांती मॅडमनी लिहिलं. कॉलेजात असली पत्रं त्याच लिहितात. नाव आणि देश तेवढा बदलतात. प्रियदर्शनीच्या नेतृत्वाबद्दल त्यांना खात्रीलायक माहिती एवढीच होती, की एकदा प्रयोगशाळेचा नळ वाहत असताना तिने तो कुणालाही न विचारता बंद केला होता.

मुलगी अबोल. घरातही बोलणं हा विभाग आजोबांकडे होता. वर्धमान मगदूम, म्हणजे घरचे आज्जा, वय पंचाहत्तर. वडील जिनेंद्र दुकान बघत आणि मान डोलवत.

प्रियदर्शनीला माती आवडायची. मगदुमांचं शेत हातकणंगल्याकडे. उसाला पाणी पाजून पाजून शेताचा खालचा तुकडा पांढरा पडला होता. वर मीठ शिंपडल्यासारखा. नववीत असल्यापासून ती त्या तुकड्यातली माती बिस्किटांच्या डब्यांत भरून आणायची आणि डब्यांवर तारखा घालायची. आईने, म्हणजे सुरेखाने, एकदा त्यातला एक डबा पाहुण्यांसमोर उघडला होता. तेव्हापासून डब्यांवर तारखेबरोबर ‘माती’ असंही लिहिलेलं असतं.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम मातीचाच होता. दोन प्रकारे करता यायचा: तिथे जाऊन किंवा घरबसल्या ऑनलाइन. तिथे गेलं की प्रयोगशाळा, शेत, हातात खुरपं. ऑनलाइनला मातीचे फोटो. दोन्हींतलं एक निवडून बुधवारपर्यंत अर्ज करायचा होता. प्रियदर्शनीला जायचं होतं. आज्जांचं मत ऑनलाइनला होतं.

“माती बघायला एवढ्या लांब? हितली संपली व्हय?”

“तिथं तपासायला शिकवत्यात, आज्जा.”

“आनि जेवनाचं काय?”

खरा मुद्दा हा होता. मगदुमांच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर कुणी तोंडात घास घालत नाही. सव्वासहाला ताटं मांडली जातात. त्यात जुलै म्हणजे चातुर्मास, तेव्हा नियम आणखी कडक. आणि विद्यापीठाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की वसतिगृहात रात्रीचं जेवण सायंकाळी साडेसहाला सुरू होईल.

“साडेसहाला सुरू म्हंजे पानात पडंस्तवर सात,” आज्जा म्हणाले. “थंड मुलूख त्यो. चारलाच अंधार पडतोय तिथं, मी टीव्हीवर बघितलंय.”

“ते डिसेंबरात. जुलैत पावणेदहाला मावळतो.”

“कोन म्हनतंय?”

तिने मोबाईल दाखवला.

“मोबाईल काय बी दावतोय. रात्री पावणेदहाला सूर्य! सुरेखा, ऐकलीस का, तुझ्या पोरीचा सूर्य अजून जेवायला बसलाय.”

जिनेंद्रनी मान डोलावली. कुणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

शनिवारी विद्यापीठाने ऑनलाइनचा एक नमुना वर्ग ठेवला. फुकट होता, म्हणून आज्जांचीही हरकत नव्हती. वेळ आपल्याकडची साडेचार ते साडेसात. जुलैतही हीच राहणार होती. प्रियदर्शनी बाहेरच्या सोप्यात लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर अकरा देशांतली चोवीस मुलं आणि पांढऱ्या दाढीचे एक प्राध्यापक.

सव्वासहाला सुरेखाने ताट आणून लॅपटॉपशेजारी ठेवलं. भाकरी, दोडक्याची भाजी. वर्गात खायचं नाही म्हणून प्रियदर्शनीने ते हळूच बाजूला सारलं. साडेसहा झाले. आज्जा दारातून बघत होते. पावणेसातला ते आत आले आणि ताट उचलून थेट कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

“मामा, कॅमेरा चालू हाय की!” सुरेखा सासऱ्यांच्या कानाशी कुजबुजली.

“असूंदे. मी काय उघडा हाय व्हय? खा गं. दिवस थांबनार हाय का तुझ्यासाठी?”

चोवीस मुलं ताटाकडे बघू लागली. काही अडचण आहे का, असं प्राध्यापकांनी विचारलं. प्रियदर्शनीने मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं, की आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि सूर्यास्ताला पाच मिनिटं उरलीत.

“मग आधी जेव,” प्राध्यापक म्हणाले. “आम्ही थांबतो.”

ती जेवली. आयुष्यात प्रथमच तिच्याकडे एवढे लोक बघत होते. आज्जा मात्र खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

“इचार त्यांना. म्हनावं पावणं, जुलैत तुमच्यात दिवस कवा मावळतो?”

घास गिळून तिने विचारलं. पावणेदहाच्या सुमारास, असं प्राध्यापकांनी सांगितलं. दहापर्यंत तर आम्ही अंगणात दिव्याशिवाय वाचतो.

तिने भाषांतर केलं. आज्जांनी प्राध्यापकांच्या दाढीकडे नीट पाहिलं. मोबाईलला दाढी नव्हती.

“मग रात्रीचं जेवन?”

“साडेसहाला,” प्राध्यापक म्हणाले.

“म्हंजे मावळायच्या आधी तीन तास!” आज्जा सुरेखाकडे वळले. “आपल्यापेक्षा कडक हाईत की गं ही मानसं.”

पडद्यावर मातीचा फोटो आला आणि वर्ग पुढे सुरू झाला. आज्जा तो फोटो बराच वेळ बघत बसले. शेवटी त्यांनी बोट लावून पाहिलं. काच होती.

रविवारी चहाच्या वेळी त्यांनी निकाल दिला. ऑनलाइन रद्द. घरात बसून रोज पोरीचं जेवण चुकणार, धर्म बुडणार. तिकडे दोन्ही वेळा उजेडात. फक्त कांदा-बटाट्याला हात लावायचा नाही.

“मग खाऊ काय?” प्रियदर्शनीने विचारलं.

“शिकायला चाललीयास का खायाला?”

जिनेंद्रनी मान डोलावली आणि संमतीपत्रावर सही केली. अर्ज मंगळवारी गेला. गुरुवारी विद्यापीठाचं पत्र आलं: आपली निवड झाली आहे.

जो अर्ज करतो, त्या प्रत्येकाची होते.