फाळक्याखालचे दोन दिवे

हिलालभाऊ गेल्याचा फोन दुकानात आला तेव्हा मी चलनं लावत बसलो होतो. भेस्तानच्या एसटीडी बूथवरून त्यांचा शेजारी बोलत होता. सकाळी गाडी पुसता पुसता छातीत दुखलं, पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं. मी नुसता हो, हो म्हणत राहिलो. फोन ठेवला आणि... लिहायची लाज वाटते, पण दीड महिना झाला, आता लिहायलाच हवं. मला रडू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हा माणूस आता मला कधीच काही विचारणार नाही, हा विचार दुःखाच्या आधी आला. त्या सुटकेचीच मग एवढी भीती वाटली की सेठने अंगात ताप आहे का म्हणून विचारलं.

हिलालभाऊ शहाद्याकडचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. सुरतेत उधन्याला बारा वर्षं त्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. लूमच्या खात्यात शेजारी उभं राहून कोणी ओरडलं तरी त्याचे ओठ बघावे लागतात, आणि तिथली जुनी माणसं घरी आल्यावरही तारस्वरातच बोलतात. हिलालभाऊंच्या थोरल्या भावाचे कान त्या खटखटाटात पार गेले. ती पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून त्यांनी खातं सोडलं, एक जुनं पिकअप घेतलं आणि मिलमधून आमच्या गोदामात कापडाचे ताके आणायला लागले. मी तिथला मेहताजी, म्हणजे माल मोजून चलनावर सही करणारा कारकून. मी धुळ्याचा. ते अहिराणी बोलायचे, मी शाळेतली मराठी, आणि सेठपुढे आम्ही दोघंही मोडकी गुजराती. ते मला भाऊसाहेब म्हणायचे. एवढ्या मोठ्या सुरतेत मला असं म्हणणारे ते एकटेच होते.

आमचं गोदाम तळघरात. रस्त्यावरून खाली उतार, आणि भर दुपारीही तळाशी अंधार. पिकअप उलटं उतरवायचं. तेव्हा त्याला मागे रिव्हर्सचा एकच दिवा होता, तोही नावापुरता. त्यामुळे मागे उभं राहून कोणीतरी "आववा दो, आववा दो", म्हणजे येऊ द्या, म्हणत राहायचं आणि भिंत हातभर उरली की "बस" म्हणायचं. ते काम माझं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या हातातली चलनं सुटून जमिनीवर पसरली. मी वाकून ती गोळा करू लागलो, आणि तोंड... तोंड आपलं सवयीनं "आववा दो, आववा दो" म्हणतच होतं. उठतो तोच पिकअपचा मागचा फाळका छातीला टेकला. मागे भिंत. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. आत गेलेला श्वास बाहेर येईना. कोऱ्या कापडाच्या त्या वासात, अंधारात, आपण मरतोय एवढंच कळत होतं.

सेठ धावत आला. त्याच महिन्यात त्यानं मला दोनदा बजावलं होतं, कामात लक्ष नसेल तर घरी बस. घरी तीन महिन्यांची मुलगी होती. लोक मला चलनांवर आडवं करत होते आणि सेठ विचारत होता, चूक कोणाची? मी इतका घाबरलो होतो की विचार करायला वेळच लागला नाही.

"मी थांबा म्हणालो होतो," मी म्हणालो.

सगळे हिलालभाऊंकडे वळले. ते चाकापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच स्वतःच्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "माले ऐकू उनं नही."

सेठने त्यांची गाडी बंद केली. मी प्लास्टरमध्ये पडून. ते दर दोन दिवसांनी केळी घेऊन यायचे, खाटेशी बसायचे, आणि मधेच एक कान बोटानं बंद करून वरच्या पंख्याचा आवाज ऐकायचे. मग दुसरा कान. भावाचं होतं तेच आपलं होतंय, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची. एक वाक्य बोललो असतो तर त्यांची धास्ती गेली असती, पण मग माझी नोकरीही गेली असती. माझी बायको त्यांना चहा द्यायची आणि मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचो.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, ते मला न्यायला आले. पिकअपच्या फाळक्याखाली त्यांनी दोन नवे दिवे बसवले होते, दोन टोकांना एकेक, लोखंडी पट्टीवर. वायर चासीच्या आतून घेतलेली, दगड लागून तुटू नये म्हणून. रिव्हर्स गिअर टाकला की ते लागायचेच, शिवाय स्टेअरिंगपाशी त्यांचं वेगळं बटण होतं, कारण गिअर पडायच्या आधी उजेड पडला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. "कानवर भरोसा नही, भाऊसाहेब. डोयाले दिसाले पाहिजे." सेठला दाखवण्याआधी त्यांना ते उतारावर तपासायचे होते, आणि मागे उभं राहायला मीच हवा होतो.

गोदामाची किल्ली माझ्याकडे असायची. कुबडी टेकत मी उतार उतरलो आणि त्याच भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. वर पिकअप सुरू झालं. पांढरा उजेड एकदम अंगावर आला, गाडी हळूहळू खाली आली आणि दहा हातांवर थांबली. खिडकीतून आवाज आला, "भाऊसाहेब, जरा वाकीसन दखाडा."

त्यांना कळलं? खाली काही उचलताना माणूस दिसतो का ते बघायचंय, असं ते पुढे म्हणाले. उजेड माझ्या डोळ्यांत होता, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी कुबडी धरून जमेल तेवढा वाकलो. ते उतरले, पाना घेऊन दोन्ही दिवे दोन बोटं खाली झुकवले, नट आवळले आणि मला पुन्हा वाकायला लावलं. "आते पुरा दिसतस," म्हणाले. मग हात धरून मला उतार चढवून आणलं.

दिवे बघून सेठने गाडी परत लावून घेतली. पुढची सहा वर्षं हिलालभाऊ उतारापाशी आले की आधी बटण दाबायचे, खाली उतरायचे, मागे जाऊन भिंतीपर्यंत नजर फिरवायचे आणि मगच गिअर टाकायचे. मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवायचे, बहिऱ्या म्हणून चिडवायचे. ते हसायचे. मी भिंतीशी उभा असायचो आणि तो उजेड अंगावर पडला की रोज ठरवायचो, आज सांगू... पण त्यांनी शांतपणे "असं का केलंत" एवढंच विचारलं तर काय करायचं, या भीतीनं जीभ उचलायची नाही.

मागच्या आठवड्यात मी भेस्तानला हिलालभाऊंच्या घरी गेलो. कमलवहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मी चहाही घेतला नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, त्यांच्या कानांचा दोष नव्हता. मी थांबा म्हणालोच नव्हतो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. दिवे बसवायच्या आधीच हिलालभाऊ दवाखान्यात जाऊन कान तपासून आले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कान चांगले आहेत, काही झालेलं नाही.

मग त्यांनी मला कधी विचारलं कसं नाही, मी म्हणालो.

"मी बी म्हने, इचारा," वहिनी म्हणाल्या. "ते म्हनेत, भाऊसाहेब भ्यायेल शे. भ्यायेल मानूसले काय इचारानं?"

पिकअप शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं, महिन्याभराची धूळ खात. आत अंधारच होता. वहिनींना विचारून मी गाडीचं दार उघडलं आणि स्टेअरिंगजवळचं ते बटण दाबलं. बॅटरी उतरली असेल असं वाटलं होतं, पण मागे उजेड पडला. मी फिरून मागे गेलो, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि वाकलो. उजेड नेमका माझ्या तोंडावर येत होता. "थांबा," मी म्हणालो, आणि गाडीत कोणी नव्हतं.