लहान शाळेची सही कुठे मिळते?

मला कुणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. माझी भाची सायली रेल्वेच्या पश्चिमेला नंदाखाल गावातल्या एका मराठी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि पूर्वेला एव्हरशाईन सिटीत माझ्याकडे राहते. गेल्या वर्षी तिच्या मुलींचा फुटबॉल संघ इथल्या आंतरशालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत सात-शून्यने हरला. हरवणारी शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरची, चार हजार मुलांची. सायलीच्या शाळेत पहिली ते दहावी मिळून दीडशे. मुख्याध्यापक आल्फ्रेड सरांनी तेव्हाच बजावलं होतं की, यंदाही असंच झालं तर फुटबॉल बंद आणि तो तास इंग्रजी संभाषणाला.

चार हजारांतून अकरा निवडणं आणि दीडशेतून अकरा गोळा करणं, ही दोन कामं एकच आहेत असं मानणारी स्पर्धा मला अन्यायाची वाटते. आणि अन्याय दिसला की मी कागद काढते. विमा कचेरीच्या फाटकावर तीस वर्षं युनियनची भाषणं केल्याचा हा परिणाम. मी चार पानी निवेदन लिहिलं. मागणी एकच: ज्या शाळांचा पट दोनशेच्या आत आहे, त्यांचा वेगळा गट करा. सोमवारी क्रीडाशिक्षकांची बैठक होती आणि सामन्यांच्या चिठ्ठ्या तिथेच निघणार होत्या. म्हणून शनिवारी सकाळी सायलीला स्कूटरवर मागे बसवलं आणि मुख्याध्यापकांच्या सह्या आणायला निघाले.

नोव्हेंबरातली ही फेरी नुसती हिंडायला करणार असाल तर उत्तम आहे. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, पेट्रोल शंभर-सव्वाशेचं. सकाळी आठच्या आत रेल्वेचा पूल ओलांडा, नाहीतर अर्धा तास रिक्षांच्या धुरात उभं राहावं लागतं. मी मात्र आठ वाजता निघून आधी घराजवळच्याच मोठ्या शाळेत शिरले. विरोधकाला पहिला गाठावा, असा माझा नियम.

तिथले क्रीडाप्रमुख देसाई सर. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी पहिलं पान वाचलं, खिशातून पेन काढलं आणि शाळेच्या शिक्क्यासकट सही करून दिली. दोन मिनिटांत. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावच्या पोरी आमच्याकडे नकोतच. सात गोल केले खरे, पण आमच्या तिघी आठवडाभर लंगडत होत्या." वर मलाच शिकवलं. शाळेचा आकार काय बघता, प्रदेश बघा. रेल्वेच्या पश्चिमेला गावागावांत दारात मैदान आहे, बाप-काका खेळलेले आहेत. पूर्वेला आम्ही तासावर टर्फ भाड्याने घेतो. चार हजार मुलं आहेत, पण चेंडूला पाय लावलेली चाळीसही नाहीत. गट करायचे तर पूर्व आणि पश्चिम असे करा.

बाहेर आल्यावर सायली म्हणाली, "मावशी, त्यांचं अर्धं खरं आहे." मला अर्ध्या खऱ्याचा फार राग येतो.

पूल ओलांडून अंबाडी रोडने पार नाक्याकडे आणि तिथून सांडोरला. इथे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना केळी, आणि हवा एकदम दोन अंशांनी उतरल्यासारखी वाटते. रस्त्याच्या कडेला एका बाईकडे सुकेळी मिळाली, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, केळीच्याच सोपटात बांधलेली. महाग वाटेल, पण घ्या.

सांडोरच्या शाळेत सगळं नीटनेटकं होतं, कमी होते ते शिक्षक: चारच. मुख्याध्यापिका ग्लोरिया टीचर यांनी आम्हाला चहा दिला, निवेदन चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, भाषेचं कौतुक केलं. मला वाटलं, झालं. मग त्यांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"बाई, हे 'पट दोनशेच्या आत' काढाल का?"

मी म्हटलं, तीच तर मागणी आहे.

"मग मला सही करता येणार नाही. दर जूनला आम्ही चौघं घरोघरी जातो मुलं मागायला. पट उतरला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक मुलं काढतात. नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगते आहे की आमची शाळा भरलेली आहे. आणि आता सही-शिक्क्यानिशी लिहून देऊ की आम्ही लहान?"

मी म्हणाले, हा कागद फक्त फुटबॉलचा आहे. त्या हसल्या. कागद कुठल्या टेबलावर जाईल हे कागदाला कुठे ठाऊक असतं, असं काहीसं म्हणाल्या आणि निघताना आणखी एक चहा पाजला. दुसऱ्या चहाने माझं डोकं आणखी तापलं.

गिरीज, निर्मळ करत नंदाखालला पोचायला पाऊण तास लागला. रस्त्याचं काम सुरू आहे, स्कूटर असेल तर निर्मळच्या पुढे हळू चालवा. आल्फ्रेड सर आपले आहेत, ते तरी सही करतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी निवेदन हातातही घेतलं नाही. सायलीकडून त्यांना आधीच कळलं होतं. मी पंधरा मिनिटं बोलले. समान संधी म्हणजे काय, दुबळ्याला सबळाच्या तोंडी देणं म्हणजे काय, सगळं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले की, बोलणं फार सुंदर झालं, स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुण्या म्हणून या.

मैदानावर मुली सराव करत होत्या. सायलीने मोजून दाखवल्या: बारा. मी कप्तान ॲन्सीला विचारलं, इतके गोल कसे झाले? तिने घाम पुसत सांगितलं, "मावशी, पहिल्या हाफला एकच झालेला. आम्ही खेळायला कमी नाही. नंतर पाय उचलत नाहीत, आणि बदली उतरवायला एकच पोरगी." या बाराजणींतली एक केळीच्या बागेत पहाटेचं काम उरकून शाळेत येते, हेही तिने हसतच सांगितलं. मला हसू आलं नाही.

जेवण अर्नाळ्याला. तांदळाची भाकरी आणि ताजे बोंबील, दोघींचे चारशेच्या आत. तिथल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष हिराबाई मासळी सुकवायच्या ओट्यावरच भेटल्या. मी या वेळी भाषण आखडतं घेतलं. त्यांनी बोंबील उलटवता उलटवता ऐकलं आणि मान वर न करता विचारलं, "आमची शाला ल्हान म्हनून तू लिवून नेशील. उद्या ती बंद करून पोरांना विरारला धाडली, तर रोज सोडायला तू येशील काय, बाय?"

मी निवेदनाची घडी घातली आणि ते स्कूटरच्या डिकीत टाकलं.

परतीच्या वाटेवर मी सायलीवर ओरडले, जिचा काहीच दोष नव्हता. लहान शाळांना न्याय मिळावा म्हणून लिहिलेल्या निवेदनावर एकच सही होती, आणि ती तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या शाळेची! इतका घोर विनोद मला स्वतःला सुचला नसता. सायली म्हणाली, "मावशी, तू त्यांना दुबळे म्हणवून घ्यायला सांगतेस." मी म्हटलं, मग काय सांगू? ती म्हणाली, ॲन्सीचा पहिला हाफ पंचवीस मिनिटांचा होता.

सोमवारच्या बैठकीत मला प्रवेश नव्हता. सायलीने माझं निवेदन नेलं नाही. तिने उठून एवढंच सुचवलं की पहिल्या फेरीचे सामने पंचवीस-पंचवीसऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे करावेत, म्हणजे एका दिवसात फेरी आटपेल. सांडोरचा हात वर, अर्नाळ्याचा वर. देसाई सरांचाही वर, कारण उशीर झाला की त्यांची बस थांबत नाही. कुणाला लहान म्हणावं लागलं नाही. दोन मिनिटांत मंजूर. मग चिठ्ठ्या निघाल्या आणि नंदाखालला पुन्हा तीच चार हजारांची शाळा आली.

सामना पुढच्या शनिवारी झाला. आमच्या मुली दोन-एकने हरल्या. होय, हरल्या. पण ॲन्सीने गोल केला तेव्हा पलीकडच्या रेषेवरचे देसाई सर खाली बसले, आणि शिट्टी वाजली तेव्हा आमच्या बाराही जणी उभ्या होत्या. मी आल्फ्रेड सरांच्या तोंडाकडे बघत होते. इंग्रजी संभाषणाचा तास आता निघणार, अशी मला भीती होती. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, फुटबॉल चालू राहील. जूनच्या प्रवेशाच्या पत्रकात छापायचं आहे: चार हजारांच्या शाळेशी दोन-एक. मजकूर तुम्ही लिहून द्याल का?

घरी येऊन मी विचार करत बसले. माझा वेगळा गट झाला असता तर हा सामनाच झाला नसता, आणि हे वाक्य छापता आलं नसतं. तरीही माझं मत बदललेलं नाही. दीडशेतून अकरा गोळा करणाऱ्याला कुणीतरी मोजायला हवं, आणि ज्याला मोजायचं त्याला स्वतःचा आकडा लपवावा लागू नये, अशी व्यवस्था या देशात हवी. ती नाही, याचा संताप मी चाळीस किलोमीटर फिरून घरी आणला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मजकूर मात्र मी लिहिला. अकरा ओळी, माझ्या मानाने संयमी. दुसऱ्या दिवशी सायलीच्या हाती तो परत आला. आल्फ्रेड सरांना सगळा आवडला होता. त्यांनी एकच शब्द लाल पेनाने खोडला होता. "आमच्या छोट्याशा शाळेच्या मुलींनी" यातला 'छोट्याशा'.