बिनफोडणीचं गाव

आई गेली त्या सकाळी नवऱ्याने चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि मी त्याच्यावर खेकसले, "आज गॅस पेटवायचा नाही!"

"गॅस कुठाय? कॉइल आहे," तो म्हणाला. बिचारा वाद घालत नव्हता, त्याला खरंच काय बोलावं ते सुचत नव्हतं. मी म्हटलं, कॉइल असो नाहीतर तुझं डोकं असो, आज या घरात काहीही तापणार नाही. त्याने मुकाट्याने भांडं उचललं आणि पाणी सिंकमध्ये ओतून दिलं.

आमच्याकडे नागपूरला माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरातल्यांना कोणीतरी बळेच पहिला घास खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं. खरं म्हणजे चूल बंद ठेवायची ती पहिल्याच दिवशी, पुढचे दोन दिवस मी माझ्या हट्टाने जोडले. का, ते मला विचारू नका. मला जाता येत नव्हतं, मग निदान काहीतरी पाळावं, एवढंच डोक्यात होतं.

जाता येत नव्हतं ते व्हिसामुळे. माझा एक्स्टेंशनचा अर्ज अडकला होता. देश सोडला तर परत यायला पासपोर्टवर नवा शिक्का लागणार, आणि त्याची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते देवालाही सांगता आलं नसतं. जर्सी सिटीतली नोकरी गेल्यावर मोठ्या मुश्किलीने ही मिळाली होती, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या टीचभर गावात, हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची. नवरा माझ्या व्हिसावर, मुलगी तिसरीत. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर गेले नसते." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तो विषय तिथेच संपला. अंत्यविधी मोबाइलवर बघितला. भावाने फोन कोणाच्या तरी हातात दिला होता आणि त्या भल्या माणसाचा हात सारखा खाली जात होता, त्यामुळे मला जास्त वेळ लोकांच्या चपलाच दिसल्या. मला रडू आलं नाही. आतून काहीच वर येत नव्हतं, आणि आपण अशा कशा, याची मला भीती वाटत होती.

जर्सी सिटीत असते तर दुपारपर्यंत बिल्डिंगमधल्या काकू-मावश्यांनी डब्यांची रांग लावली असती. इथे सगळ्यात जवळचं मराठी घर दोन-अडीच तास ड्राइव्ह केल्यावर येतं, आणि त्यांची आमची ओळखही नाही. म्हणजे कडू घास आणायला कोणी येणार नव्हतं. आम्हालाच बाहेर जेवायला जावं लागणार होतं.

"आपण बाहेर जेवणार? येस!" मुलगी इंग्रजीत ओरडली. मग माझं तोंड बघून तिने हळूच बूट घातले.

रविवार होता. या गावात रविवारी सगळे चर्चमध्ये असतात आणि चांगली म्हणावी अशी दोन्ही मेक्सिकन हॉटेलं कुलूप लावून बसतात, सोमवारीसुद्धा. उरतो हायवेवरून गावात वळताना लागतो तो ट्रकवाल्यांचा डायनर. तिथे दिवसभर ब्रेकफास्ट मिळतो. मुलीने पॅनकेक मागवले. माझ्यासमोर किसून भाजलेले बटाटे आले, वर मिठाचा कण नाही.

नवऱ्याने चिमूटभर तोंडात टाकून बघितलं आणि म्हणाला, "सुतकात बिनफोडणीचं खातात ना? मग काही प्रॉब्लेमच नाही. हे अख्खं गाव बिनफोडणीचं आहे."

मला हसू फुटलं. आणि लगेच स्वतःचा असा संताप आला की मी त्याला म्हटलं, तुझी आई जाईल तेव्हा मी पण जोक मारीन. असं बोलायला नको होतं. तो मुलीच्या पॅनकेकचे तुकडे करत बसला. बटाटा माझ्या तोंडात नुसता फिरत राहिला, गळ्याखाली उतरेना. शेवटी मी तो पेपर नॅपकिनमध्ये काढला आणि नॅपकिन मुठीत दाबून धरला.

तेवढ्यात भावाचा फोन. आई गेल्यापासून बाबांनी काही खाल्लं नव्हतं. लोक पिठलं घेऊन आले, भाकरी घेऊन आले, मामीने घास करून ओठांपर्यंत नेला, पण यांचं एकच, भूक नाही. शुगरच्या गोळ्या चालू, वय पंचाहत्तरीच्या पुढे, उपाशीपोटी चक्कर येऊन पडले तर काय करायचं? "तू बोल त्यांच्याशी," भाऊ म्हणाला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"जेवली का तू?" बाबांनी विचारलं.

"हो."

"काय जेवली?"

"बटाटे."

"बरं," म्हणाले आणि फोन भावाला परत.

मी भावावर तोंड सोडलं. तू तिथे आहेस, तुझी बायको आहे, घर माणसांनी भरलंय आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटात दोन घास घालता येत नाहीत तुम्हाला? तो ऐकून घेत होता. "मग तू ये आणि घाल," असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. म्हणाला नाही. त्या घरात कोणीच मला "येतेस का" असं विचारलं नव्हतं. मामी तर उलट म्हणाली होती, "तुझे बाबा किती समजूतदार बाई, एका शब्दाने विचारलं नाही की लेक का नाही आली." त्याने मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी मी कामावर गेले. घरी बसून करणार काय? तिघाचौघांनी येऊन दुःख झालं म्हणून सांगितलं, मी प्रत्येकाला थँक यू म्हटलं आणि एका नर्सबाईंचा पासवर्ड रिसेट करून दिला. दुपारी पेट्रोल पंपावर गेले. तिथल्या काउंटरवर फॉइलमध्ये गुंडाळलेले बरिटो मिळतात आणि गावातले लोक त्यांच्याबद्दल अगदी भक्तिभावाने बोलतात. बीन्सचा घेतला, गाडीत बसून दोन घास चावले. हे नेमकं कोणासाठी चाललंय, असा विचार आला आणि तिथेच थांबले. एसी चालू ठेवून लंच अवर संपेपर्यंत काचेतून समोरचं हवा भरायचं मशीन बघत राहिले.

संध्याकाळी चायनीज बफेत गेलो. ती जागा पूर्वी फर्निचरचं दुकान होती, त्यामुळे एवढी मोठी आहे की तीन टेबलं भरलेली असली तरी रिकामी वाटते. मुलगी लाल जेलीच्या चार वाट्या घेऊन आली. मी पांढरा भात वाढून घेतला आणि काट्याने इकडचा तिकडे करत बसले.

तिथेच भावाचा फोन आला, तिकडे मंगळवारची सकाळ झाली होती. भाऊ हळू आवाजात बोलत होता, म्हणजे बाबा जवळच असणार. पहाटे उठताना त्यांचा तोल गेला होता. डॉक्टर घरी येऊन गेले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करा, सलाइन लावू. मग बाबा फोनवर आले.

"जेवली का?"

"हो बाबा, आत्ताच. चायनीज."

"खोटं बोलून राहिली तू," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. घरी येताना नवरा गाडी चालवत म्हणाला, "उद्या सकाळी त्यांच्यासमोर खा. व्हिडिओवर. तू खाताना दिसलीस तर ते खातील." मी म्हटलं, माझ्या घशाखाली उतरत नाही. तो म्हणाला, "उतरव. दुसरा काही उपाय आहे का तुझ्याकडे?" नव्हता.

मंगळवारी त्या दोनातलं एक मेक्सिकन हॉटेल सकाळी सातला उघडतं. इथली सकाळ म्हणजे नागपूरची संध्याकाळ. आम्ही शाळेची बॅग, ऑफिसची बॅग घेऊनच गेलो. नवऱ्याने बीन्समध्ये डुकराची चरबी नाही ना ते दोनदा विचारून घेतलं. मग वाढणाऱ्या बाईने मला या राज्यात सगळीकडे विचारतात तो प्रश्न विचारला, मिरचीचा रस्सा लाल की हिरवा? मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. लाल की हिरवा, एवढंसुद्धा ठरवता येत नव्हतं मला. नवरा म्हणाला, दोन्ही.

फोन पाण्याच्या ग्लासला टेकवला. बाबा डायनिंग टेबलाशी बसलेले दिसले, दाढी वाढलेली, अंगात नेहमीचा घरातला स्वेटर. वहिनीने ताट समोर ठेवलं होतं, वरण-भात आणि लिंबाची फोड. मागे भाऊ उभा होता.

"बाबा, जेवा," मी म्हटलं.

"तू आधी."

मी टॉर्टियाचा, म्हणजे इथल्या पोळीचा, तुकडा तोडला, बीन्स आणि लाल रस्सा लावून तोंडात घातला. रस्सा असा जहाल होता की कानातून वाफा निघाल्या. चावला, पाणी प्यायले आणि डोळे मिटून गिळला. गेला खाली. तोंड उघडून दाखवलं त्यांना, लहानपणी औषध घेतल्यावर दाखवायचो तसं. बाबांनी थोडा वेळ निरखून बघितलं. मग ताटात हात घातला, भात कालवला आणि एक घास खाल्ला. मग दुसरा.

"आजोबा खातायत!" मुलगी एवढ्या जोरात ओरडली की बाजूच्या टेबलावरचे म्हातारे वळून बघायला लागले. भावाने भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याने खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला. मी आणखी एक घास घेतला, आणि हा सहज गेला. मला वाटलं, जिंकलो. खरंच तसं वाटलं मला.

चार-पाच घास झाल्यावर बाबा थांबले. फोनकडे वाकून बघितलं त्यांनी.

"मी जेवलो," ते म्हणाले. "आता येशील?"

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथेच थबकली. नवऱ्याने टेबलाखालून माझा गुडघा दाबला, म्हणजे बघते म्हण, प्रयत्न करते म्हण, काहीतरी म्हण. बघते म्हणणं सोपं होतं. मग ते वाट बघत बसले असते, आणि रोज जेवल्यावर हेच विचारलं असतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मला नाही येता येणार."

त्यांचा हात ताटातच राहिला. भाताकडे बघत होते ते.

"बरं," म्हणाले.

मग त्यांनी भातावर वरण ओढलं, लिंबू पिळलं आणि परत खायला लागले. अगदी सावकाश, एकेक घास. माझे डोळे गळायला लागले ते तेव्हा. नाकातोंडातून पाणी वाहत होतं, मी हुंदके देत खात होते आणि ते समोर खात होते. वाढणारी बाई नॅपकिनचा गठ्ठा ठेवून निघून गेली. बाबांनी एकदाही वर बघितलं नाही. ताट पुसून चकचकीत केलं, पाणी प्यायले आणि मग भावाला म्हणाले, "फोन ठेव आता. तिला ऑफिसला उशीर होत असेल."