ओरेस्ते ड्रमवाल्याचं मरण

इटलीतल्या व्होगेरात टायर बदलायचा तर ओरेस्ते रावात्सीकडे जायचं आणि त्याच्या तोंडी लागायचं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरुणपणी हा नाकावर राग असलेला माणूस 'मिठाचा मनोरा' नावाच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. त्यात बासरी, ऑर्गन, राजे, राक्षस, काय म्हणाल ते. पुढे असल्या गाण्यांना कुणी विचारेना, बँड मोडला, जो तो पोटापाण्याला लागला. ओरेस्तेचे हात मात्र थांबले नाहीत. जेवण पानात पडेपर्यंत तो टेबल बडवायचा आणि बायको नीवेस त्याच्या हातावर चमचा हाणायची.

मग बातमी आली, की 'मिठाचा मनोरा' इतक्या वर्षांनी नवा अल्बम काढतोय. ओरेस्तेने माळ्यावरचे ड्रम उतरवले, झटकले, सैल झालेले आवळले. बँडचा म्होरक्या गुआल्तिएरो राहायला पाविआत, गाडीने अर्ध्या तासावर. त्याचा फोन येणारच! फोन आलाच नाही. अल्बम तेवढा आला.

"मेलो होतो का मी यांना?" ओरेस्ते बारमध्ये गरजला.

बारवाल्या देल्मोने अल्बम विकत आणला होता. त्याची मान वर होईना. "आधी बस. घोटभर वाइन घे," असं म्हणून त्याने कव्हर उलटं करून पुढे धरलं. 'आमचा दिवंगत ड्रमर ओरेस्ते रावात्सी याच्या स्मृतीस.'

ओरेस्तेने अल्बम काखेत मारला आणि वाइनला हातही न लावता घर गाठलं.

घरी नवरा-बायकोने तो अल्बम ऐकला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कहाणी: धुक्यात पो नदीच्या काठी एक ड्रमवाला मरतो आणि नावाडी त्याला पलीकडे नेतो. हा ड्रमवाला कसा, तर मितभाषी, मायाळू, मित्रांवर जीव टाकणारा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! "अगं बाई, कोण हा?" नीवेस म्हणाली. "ह्याच्याशी नसतं का केलं लग्न!" पण नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू जागीच विरलं. शेवटच्या गाण्यात ड्रम नव्हतेच, ड्रमवाल्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती. ओरेस्तेचे हात टेबलावर नुसते पडून होते.

दुसऱ्या दिवशी तो पाविआला गेला. बँडची तालीम चालली होती. त्याला दारात पाहताच गुआल्तिएरो पांढराफटक पडला आणि त्याने छातीवर क्रूस काढला. मग धावत येऊन गळ्यात पडला आणि पोरासारखा रडला.

"अरे, मी डोळ्यांनी पाहिलं रे! व्होगेरा स्टेशनसमोरच्या भिंतीवर तुझ्या मरणाचं पत्रक! काळी चौकट, त्यात तुझं नाव!"

"चुलतभाऊ तो माझा. फार्मसीवाला. आजोबांचंच नाव दोघांना ठेवलेलं."

"गाढव मी! त्यावर फोटो नव्हता रे!" गुआल्तिएरो हसतही होता, डोळेही पुसत होता. "चल, बस ड्रमवर. तुझी जागा आहे ती. मेलेला परत आला म्हणून सगळ्या इटलीला सांगू!"

नवा ड्रमर काठ्या ठेवून उठला. ओरेस्ते बसला. याच जागेसाठी तो वर्षभर झुरला होता. त्याने काठ्या हातात घेतल्या, पण त्या उचलवेनात. आत काहीतरी भयंकर लागलं होतं आणि काय लागलं ते त्याला आत्ता कुठे कळत होतं.

"गुआल्तिएरो, पत्रकावर अंत्यविधीच्या चर्चचं नाव होतं ना?"

"होतं की."

"वेळ?"

"होती." गुआल्तिएरोचा आवाज उतरला. "त्या दिवशी मला... काहीतरी काम होतं रे."

ओरेस्ते ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला.

"शवपेटीला पुढून खांदा माझा होता. आला असतास, तर दिसलो असतो."