लाल कॉलर

मनोरुग्णांच्या त्या बंदिस्त इस्पितळात काकू सव्वीस वर्षं कपडे शिवत होत्या. शिवणखोलीला एकच खिडकी, तिला गज, आणि कात्री टेबलाला साखळीनं बांधलेली. नवरा पाहुण्यांना सांगायचा, आमच्या हिला कात्रीसकट डांबून ठेवतात. काकूही हसायच्या.

शर्ट सगळ्यांचे पांढरे. फरक कॉलरचा. घरच्यांनी आणून सोडलेल्यांची निळी, कोर्टानं पाठवलेल्यांची लाल. निळे बागेत फिरायचे, भेटायला आलेल्यांबरोबर बाकावर बसायचे, बरे झाले की घरी जायचे. लाल मागच्या इमारतीत, दोन कुलपांच्या आत. कुणाशी कसं वागायचं हे शिपाईसुद्धा कॉलर बघून ठरवायचा. निळा गप्प बसला तर बिचारा गरीब गाय. लाल गप्प बसला तर याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

लालांत एक घुम्या होता. पन्नाशीचा, ताडमाड, हात गुडघ्यांपर्यंत. वर्षातून एकदा मापाला यायचा तेव्हा दारात शिपाई उभा राहायचा. मोठ्या सिस्टर बजावायच्या, जपून हो काकू, संथ पाणी खोल असतं. मानेभोवती टेप नेताना काकू श्वास रोखून धरायच्या.

यंदा लालांना दूरच्या, आणखी उंच भिंतींच्या इस्पितळात हलवायचं ठरलं. सोमवारी गाडी. ऑफिसनं कोर्टाची यादी पाठवली आणि प्रत्येकाच्या खिशावर नंबर शिवायला सांगितले. शुक्रवारी दुपारी यादी संपली, तरी एक शर्ट उरलाच. बाह्या भल्या लांब. घुम्याचा.

काकू शर्ट घेऊन ऑफिसात गेल्या. हात शिवशिवतात म्हणून जास्तीचा शिवलात की काय, अशी कारकुनानं आधी चेष्टा केली. मग फाइल काढली, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. कोर्टाचा कागदच नव्हता. बहिणीनं आणून सोडलेला माणूस. झोप लागत नाही, एकटाच बोलतो, महिनाभर ठेवून बघा. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. निळ्यांना तपासणारे डॉक्टर त्याला कोर्टाचा समजत होते, आणि कोर्टाला तो माहीतच नव्हता. खाली फाटकावरच्या चार चिठ्ठ्या टाचलेल्या. बहीण चारदा आली होती. लालांना भेटायला लागणारं कोर्टाचं पत्र नाही म्हणून चारही वेळा परत पाठवलेली.

“मग याला लाल कॉलर लावली कुणी?” कारकून म्हणाला.

काकूंनी कॉलर उलटवून टाका बघितला. आपलाच.

तो आला त्या आठवड्यात निळं कापड संपलं होतं. नव्या माणसाला उघडा कसा ठेवायचा, म्हणून त्यांनी लाल लावली. कापड आलं की बदलू. कापड आलं तेव्हा काकू मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. पुढे दर वर्षी जुना शर्ट समोर ठेवून नवा शिवायचा, ही शिवणखोलीची रीत. लालवरून लाल. अकरा वेळा, आपल्याच हातानं.

मोठ्या सिस्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. ऑफिसची नजरचूक म्हणू, नोकरीची तीन वर्षं उरलीत, कशाला विस्तवात हात घालता? पण सोमवारी यादी कोण वाचत बसणार होतं? लाल कॉलर दिसली की गाडीत. काकू तडक डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनी घुम्याला बोलावून घेतलं.

“तुम्ही कधी सांगितलं कसं नाहीत?”

“सांगत होतो. पहिली दोन वर्षं, रोज.” आवाज गंजलेल्या कडीसारखा. “सिस्टर म्हणाल्या, लालवाले सगळे हेच सांगतात. तुम्ही गोळी वाढवलीत. मग गप्प बसलो.”

डॉक्टरांनी गोळ्यांचा तक्ता पुढे ओढला.

“कॉलर मी लावली होती, दादा,” काकू म्हणाल्या. “निळं कापड संपलं होतं.”

घुम्यानं त्यांच्याकडे पाहिलं. काकूंना वाटलं, आता हा अंगावर येईल. यावंच, असंही वाटलं.

“किती लागतं हो कापड, एका कॉलरला?”

काकूंनी टेबलावर वीत ठेवून दाखवली. तो त्या वितीकडे बघत राहिला. कपाळावर आठी पडलेली, अवघड हिशेब सुटत नसल्यासारखी.

डॉक्टरांनी फाइलमधला बहिणीचा नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला. डॉक्टरांनी फोन घुम्यापुढे धरला, त्यानं तो दोन्ही हातांनी कानाशी नेला. पलीकडून एक बाई हॅलो, हॅलो, कोण बोलतंय, असं विचारत होती.

त्यानं फोन कानापासून खाली घेतला. मग फोनवर तळहात ठेवून हलकेच काकूंना विचारलं,

“काय सांगू, कुठून बोलतोय?”